परदेशी शिक्षणासाठी देशाची निवड

उच्च शिक्षणासाठी परदेशी जावयाचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'कोणत्या देशात?' हा. त्याचे उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर ठरते. शेजारचा मुलगा अमुक ठिकाणी गेला, मावसबहीण तमुक ठिकाणी स्थायिक झाली, एखाद्या नियतकालिकाने विद्यापीठांची क्रमवारी छापली, एवढ्यावर घरातील सारी पुंजी पणाला लावली जाते. त्या देशाची कीर्ती, हवामान, तेथील नातेवाईक या सर्वांचा विचार होतो. परंतु तो देश परक्या विद्यार्थ्याला कशासाठी बोलावीत आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः फी किती पडेल, शिक्षण झाल्यावर तेथे राहता येईल की नाही, वाटेतच नियम बदलतील काय, यांपैकी बहुतेक गोष्टींचे मूळ या एका प्रश्नात आहे.

आपल्याकडे एके काळी देशाची निवड हा विषयच नव्हता. सनदी नोकरीची, म्हणजे आय.सी.एस.ची परीक्षा १९२२ पूर्वी केवळ इंग्लंडमध्ये होत असे, आणि बॅरिस्टर व्हावयाचे तर लंडनमधील चार 'इन्स'पैकी एकीत नाव नोंदविण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८८८ मध्ये मोहनदास गांधी लंडनला गेले ते याच वाटेने. ज्यांनी दुसरी वाट धरली त्यांची कारणे अधिक उद्बोधक आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, कारण फिलाडेल्फियात खास स्त्रियांसाठी काढलेले वैद्यकीय महाविद्यालय १८५० पासून चालू होते. झाकिर हुसेन आणि राममनोहर लोहिया यांनी डॉक्टरेट मिळविली ती इंग्लंडमध्ये नव्हे, तर बर्लिनमध्ये. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. १९१६ मध्ये ते लंडनला आले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून आणि पैशाची जुळवाजुळव करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. अशा असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यालाही पैशाचा झरा आटताच तीन वर्षे थांबावे लागले, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी राष्ट्रे नवस्वतंत्र देशांतील तरुणांना आपल्याकडे ओढू लागली. १९५१ मध्ये कार्यान्वित झालेल्या कोलंबो योजनेखाली आशियातील विद्यार्थी ऑस्ट्रेलियासारख्या देशांत शिकू लागले. मॉस्कोमध्ये १९६० साली लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले. तेथे फी नव्हती, उलट निर्वाहवेतन मिळे; मात्र आधी रशियन भाषा शिकावी लागे. या औदार्यामागे राजकारण होते हे उघड आहे. पण त्याचा लाभ सामान्य घरातील हुशार मुलांना झाला हेही तितकेच खरे.

त्यानंतर हवा बदलली. ब्रिटनने १९८० पासून परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करण्यास प्रारंभ केला. ऑस्ट्रेलियाने १९८५ मध्ये तशाच धोरणाला वाट करून दिली. आज इंग्लंडमध्ये देशी विद्यार्थ्याच्या पदवी-शिक्षणाच्या फीवर सरकारी मर्यादा आहे, परदेशी विद्यार्थ्याच्या फीवर ती नाही. साहजिकच विद्यापीठे आपली तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या पैशातून भरून काढतात. यात लबाडी काही नाही. परंतु आपल्याला आलेले प्रवेशपत्र हे गुणवत्तेचे प्रशस्तिपत्रक आहे की व्यवहाराचा प्रस्ताव आहे, हे पालकांनी ओळखावे हे बरे. आपल्या शहरांतून जे सल्लागार 'मोफत मार्गदर्शन' करतात, त्यांच्यापैकी अनेकांना परदेशी संस्थांकडून दलाली मिळत असते. त्यामुळे त्यांची शिफारस कोणत्या संस्थेकडे झुकेल याचा अंदाज करणे कठीण नाही.

उत्तर युरोपातील देशांनी हाच मार्ग थोड्या उशिराने पत्करला. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये फी लागू केली. एकामागून एक दारे अशी बंद होत गेल्यामुळे विनाशुल्क शिक्षणाचा शोध घेणाऱ्यांची दृष्टी आज प्रामुख्याने जर्मनीवर खिळली आहे. म्हणून त्या देशाच्या व्यवस्थेचा थोडा विस्ताराने विचार करू.

जर्मनीत शिक्षण हा घटक राज्यांचा विषय आहे. २००५ मधील एका न्यायालयीन निर्णयानंतर काही राज्यांनी फी बसविली होती. पण जनमत विरोधात गेले आणि २०१४ पर्यंत ती सर्वत्र रद्द झाली. पुढे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्रास १,५०० युरो आकारण्यास सुरुवात केली, आणि म्युनिकच्या तंत्रविज्ञान विद्यापीठाने २०२४ मध्ये त्याहून मोठी फी लावली. म्हणजे 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे विधान बहुतांशी खरे असले तरी सर्वांशी खरे नाही. करदात्यांच्या पैशावर परक्यांना शिकविणे जर्मनीला परवडते, याचे एक कारण असे की त्या देशाची लोकसंख्या वृद्ध होत चालली आहे आणि त्याला कुशल माणसे हवी आहेत. म्हणूनच पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी तेथे अठरा महिने राहता येते.

फी नसली तरी खर्च टळत नाही. विद्यार्थ्याला व्हिसासाठी एका विशेष खात्यात वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधी भरून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो ठरविण्यात आली. पैसा त्याचाच असतो, पण दरमहा केवळ बारावा हिस्सा हाती येतो. शिवाय मोठ्या शहरांत खोली मिळणे हे प्रवेश मिळण्यापेक्षाही दुर्घट होऊन बसते. भारतीय बारावीच्या प्रमाणपत्रावर तेथील पदवी-वर्गात थेट प्रवेश सामान्यतः मिळत नाही. त्याकरिता भारतात विद्यापीठातील किमान एक वर्ष यशस्वीपणे पुरे केलेले असावे लागते, किंवा तेथील पूर्वतयारी महाविद्यालयात वर्षभर शिकावे लागते, आय.आय.टी.ची जे.ई.ई. अॅडव्हान्स्ड परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना त्यातून काही वाट मिळते. पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून पुष्कळ आहेत, पदवीचे मात्र बहुतेक जर्मन भाषेतून चालतात. आणि वर्ग इंग्रजीतून झाला तरी नोकरी जर्मन भाषेतच करावी लागते, हे अनेकांना तेथे गेल्यावर उमगते. परीक्षेचाही एक कडक नियम आहे. एखाद्या विषयात ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, अनुत्तीर्ण झाल्यास तो अभ्यासक्रम सोडावा लागतो, आणि सहसा त्या देशातील अन्य विद्यापीठांतही तो पुन्हा घेता येत नाही. आपल्याकडील 'ए.टी.के.टी.'च्या सवयीने जाणाऱ्याने हा नियम आधी वाचावा.

इंग्रजी भाषक देशांत भाषेची अडचण कमी, पण शिक्षणाची घडण निरनिराळी आहे. इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची आणि विषय पहिल्याच दिवशी ठरलेला. स्कॉटलंडमध्ये ती चार वर्षांची. अमेरिकेत चार वर्षे असून पहिली एक-दोन वर्षे विद्यार्थी निरनिराळे विषय चाखून पाहू शकतो. आपल्याला काय शिकावयाचे हे ज्याचे ठरलेले नाही त्याला अमेरिकेची पद्धत मानवेल. ज्याचे ठरलेले आहे त्याने चौथ्या वर्षाचा खर्च का सोसावा? पदव्युत्तर शिक्षणात ब्रिटनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम स्वस्त वाटतो. परंतु सप्टेंबरात पोहोचलेल्या विद्यार्थ्याला गावाचे रस्ते ओळखीचे होण्याआधीच नोकरीसाठी अर्ज करावे लागतात. उलट अमेरिकेतील विज्ञान विषयांच्या संशोधनार्थींना बहुधा फी माफ होते व साहाय्यक म्हणून वेतनही मिळते. म्हणजे तोच देश एम.एस.साठी अतिशय महाग, तर पीएच.डी.साठी जवळजवळ विनाखर्च ठरू शकतो. 'अमेरिका महाग आहे' हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे.

शिक्षण संपल्यावर तेथे राहून काम करण्याची जी मुभा असते, तिच्यावर भिस्त ठेवून अनेकजण कर्ज काढतात. या सवलतीचा इतिहास पाहिला म्हणजे तिच्यावर किती विसंबावे हे कळते. ब्रिटनने ही सवलत २०१२ मध्ये बंद केली, २०२१ मध्ये दोन वर्षांच्या मुदतीने पुन्हा चालू केली, आणि २०२५ मध्ये ती मुदत अठरा महिन्यांवर आणण्याचा मानस जाहीर केला. २०२४ च्या जानेवारीपासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पती, पत्नी वा मुले बरोबर नेण्यासही तेथे बंदी झाली. कॅनडाने विद्यार्थ्याने दाखवावयाची निर्वाहाची रक्कम जवळजवळ वीस वर्षे १०,००० डॉलरवर ठेवली होती. १ जानेवारी २०२४ पासून ती एकदम २०,६३५ कॅनडियन डॉलर केली, आणि त्याच महिन्यात नव्या परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. घरांची टंचाई हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तर विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्याने आपण शिक्षणानंतर मायदेशी परतणार आहोत, अशी अधिकाऱ्याची खात्री पटवावयाची असते. पुढे मिळणारा एक वर्षाचा कामाचा अनुभव, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना २०१६ पासून मिळालेली त्यावरची चोवीस महिन्यांची वाढ, या दोन्ही सवलती प्रशासकीय नियमांतून आलेल्या आहेत. नियम करणारे शासन तो मागेही घेऊ शकते.

कर्जाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नजरेआड होते. १९८० साली अमेरिकन डॉलर सुमारे ८ रुपयांना पडत असे. २०२२ मध्ये त्याने ८० रुपयांची पातळी ओलांडली. फी दर वर्षी परकीय चलनात भरावयाची असते, तेव्हा पहिल्या वर्षाच्या दराने तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा हिशेब मांडणे हे भोळेपणाचे ठरते. मायदेशी परतून रुपयांत पगार मिळवावयाचा असेल तर तो हिशेब अधिकच जपून करावयास हवा. घर किंवा शेत तारण ठेवताना 'नोकरी तेथेच मिळेल' हे गृहीत धरून आकडे मांडले जातात. नोकरी येथे धरून ते एकदा पुन्हा मांडावेत.

देशाची चुकीची निवड सर्वांत महाग पडते ती वैद्यकीय शिक्षणात. भारतातील सरकारी महाविद्यालयांतील जागा थोड्या, खाजगी महाविद्यालयांची फी आवाक्याबाहेर. म्हणून मध्यम स्थितीतील हजारो मुले-मुली रशिया, चीन, युक्रेन, जॉर्जिया, फिलिपाइन्स अशा देशांकडे वळली. परदेशी वैद्यकीय पदवीधराला भारतात व्यवसाय करावयाचा तर २००२ पासून चाळणी-परीक्षा द्यावी लागते. तीत निम्मे गुण आवश्यक आहेत, आणि तेथेच अनेकांची वर्षे वाया जातात. २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणखी अटी घातल्या. अभ्यासक्रम किमान चोपन्न महिन्यांचा असावा, तो इंग्रजीतून शिकविलेला असावा, त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांचे प्रत्यक्ष रुग्णालयीन प्रशिक्षण झालेले असावे, आणि त्या पदवीवर त्या देशातही व्यवसायाचा परवाना मिळत असावा. शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. जी पदवी घेऊन त्या देशात डॉक्टर होता येत नाही, ती केवळ परदेशीयांना विकण्यासाठीच तयार केलेली असण्याचा संभव असतो. यांखेरीज भारतातील 'नीट' परीक्षा आधी उत्तीर्ण होणेही २०१८ पासून सक्तीचे आहे.

एवढ्या सर्व अटी पाळूनही देशावर संकट कोसळले तर काय होते, हे अलीकडेच दिसून आले. चीनने २०२० च्या आरंभी सुटीवर आलेल्या विद्यार्थ्यांना परत घेण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लावला. या काळातील केवळ दूरस्थ शिक्षण आपल्या आयोगाला पुरेसे वाटले नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण झाले, तेव्हा भारत सरकारने 'ऑपरेशन गंगा' हाती घेतले. त्या काळात सुमारे साडेबावीस हजार भारतीय मायदेशी परतले. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. भारतीय महाविद्यालयांत सामावून घ्यावे ही त्यांची मागणी मान्य झाली नाही. शेवटच्या वर्षात असलेल्यांना पुढे भारतातच एम.बी.बी.एस.ची परीक्षा देण्याची एकवार संधी देण्यात आली. खालच्या वर्षांतील मुलांपैकी काहींनी अन्य देशांतील विद्यापीठांत नावे नोंदवून पुन्हा फी भरली, आणि काहीजण युद्ध चालू असतानाच युक्रेनला परत गेले.