पोर्ट लुई : किनाऱ्याआधी बंदर

मॉरिशसला जाणाऱ्या भारतीय प्रवाशाच्या वेळापत्रकात पोर्ट लुई या राजधानीच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. विमानतळावरून थेट किनाऱ्यावरचे हॉटेल गाठायचे, प्रवाळखडकांनी अडवलेल्या शांत पाण्यात डुंबायचे आणि परतण्यापूर्वी एखाद्या सकाळी राजधानीच्या बाजारातून भेटवस्तू घेऊन यायचे, असा क्रम जणू ठरून गेला आहे. हा क्रम उलटा करावा आणि प्रवासाचे पहिले तीन दिवस शहराला द्यावेत, असे सुचवण्यास सबळ कारण आहे. या बेटावर माणसाची मूळ वस्ती कधीच नव्हती; आज तेथे राहणाऱ्या कुटुंबांचे पूर्वज कोणी मालक म्हणून, कोणी गुलाम म्हणून, कोणी मजूर किंवा व्यापारी म्हणून जहाजातून आले, आणि अठराव्या शतकापासून त्यांतील बहुतेकांचे पहिले पाऊल याच बंदरावर पडले. त्यामुळे मॉरिशसचा समाज कसा घडला हे समजून घ्यायचे असेल, तर पोर्ट लुईच्या गल्ल्यांना पर्याय नाही.

शहराची जागा पाहिली की त्याचा निम्मा इतिहास उलगडतो. पोर्ट लुई बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे वीस अंशांवर वसले आहे, आणि त्याच्या पाठीशी मोका पर्वतरांग अर्धवर्तुळात उभी आहे. या रांगेतील ल पूस हे शिखर ८१२ मीटर उंच असून, माथ्यावर गोल धोंडा तोलून धरल्यासारखे दिसणारे पीटर बोथ शिखर त्याहूनही थोडे उंच आहे. या भागात वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, म्हणजे शिडाची जहाजे ज्यांच्या भरवशावर महासागर ओलांडत असत ते नियमित वारे. ते बेटाच्या मध्यावरील पठारावर पाऊस पाडतात आणि डोंगर ओलांडेपर्यंत कोरडे होतात. महाबळेश्वरचा पाऊस आणि पूर्वेकडील माण-खटावचे अवर्षण यांत जे नाते आहे, तेच नाते क्यूरपीप या पठारावरील ओल्या, धुकट गावात आणि पोर्ट लुईत आहे, फक्त वाऱ्याची दिशा उलटी. डोंगराच्या या आडोशामुळे जहाजांना सुरक्षित बंदर मिळाले आणि त्याच आडोशामुळे शहर उष्ण झाले. दक्षिण गोलार्धातील ऋतू आपल्या उलट असल्याने नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील उन्हाळा आणि चक्रीवादळांचा काळ असतो, तर मे ते ऑक्टोबर हे महिने पायी हिंडण्यास सुखद असतात.

सतराव्या शतकात डचांनी बेटावर दोनदा वसाहत करून पाहिली आणि १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. शहराची खरी उभारणी मात्र १७३५ मध्ये राज्यपाल म्हणून आलेल्या माहे द ला बूर्दोने याने केली. गोदामे, धक्के, इस्पितळ, पाण्याचे पाट आणि सरकारी निवास ही त्याची कामे, आणि १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणारे आरमार त्याने याच तळाच्या बळावर उभे केले होते. बंदरापासून शासनभवनापर्यंत जाणाऱ्या, ताडवृक्षांच्या दोन रांगांनी सजलेल्या प्लास दार्म या चौकात त्याचा पुतळा आहे. पर्यटक तेथे छायाचित्रे काढतात, ते योग्यच आहे. परंतु या इमारती ज्या हातांनी बांधल्या ते हात मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे आणि पुदुच्चेरीकडून आलेल्या तमिळ कारागिरांचे होते, याची आठवण ठेवूनच त्या पाहाव्यात. ला बूर्दोनेच्या काळातील जुन्या लष्करी इस्पितळात आता गुलामगिरीच्या इतिहासाला वाहिलेले संग्रहालय उघडले आहे. देशाच्या सत्य आणि न्याय आयोगाने २०११ मधील अहवालात अशा संग्रहालयाची शिफारस केली होती. ज्या समाजात गुलामांच्या वंशजांचा इतिहास फार काळ दुर्लक्षित राहिला, तेथे हे पाऊल फार उशिरा पडले असले तरी मोलाचे आहे.

या संग्रहालयापासून चालत काही मिनिटांवर आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आलेले मजूर जेथे उतरत तो धक्का, आहे, आणि शहरात एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल तर तो येथे खर्च करावा. इंग्रजांनी १८१० मध्ये बेट जिंकले होते. १ फेब्रुवारी १८३५ पासून तेथे गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर तर हवेच होते. म्हणून भारतातून ठरावीक वर्षांच्या करारावर माणसे आणण्याची व्यवस्था सुरू झाली, जिला ब्रिटिश सरकारने महान प्रयोग असे नाव दिले. या कराराला मजुरांच्या बोलीत गिरमिट म्हणत आणि त्यावरून त्यांना गिरमिटिये. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलास नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईत उतरले. तो दिवस आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी देऊन पाळला जातो. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरातून गेली, त्यांतील बहुतेक मॉरिशसच्या मळ्यांत आणि काही रेयुनियन, आफ्रिका, कॅरिबियन बेटे अशा दूरच्या ठिकाणी. मॉरिशसमधील प्रयोग यशस्वी ठरला असे पाहूनच ब्रिटिशांनी ही पद्धत फिजीपासून त्रिनिदादपर्यंत नेली, म्हणून या धक्क्याचे महत्त्व एका बेटापुरते राहत नाही. युनेस्कोने २००६ मध्ये त्याचा जागतिक वारशात समावेश केला तो याच विचाराने.

घाटावर भव्य असे काहीच नाही, आणि ते तसेच असणे उचित आहे. १८४९ पासून उभारल्या गेलेल्या या आगार-संकुलाचा बराच भाग पुढे नष्ट झाला, एका बाजूने महामार्गही गेला. उरल्या आहेत त्या काळ्या बसाल्ट दगडाच्या काही इमारती, स्वयंपाकघराचे व शौचकूपांचे अवशेष, इस्पितळाची खोली आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. जहाजातून उतरलेला मजूर या पायऱ्या चढून आत येई, त्याची तपासणी होई, नोंदवहीत त्याचे नाव, वय, गाव, जात आणि अंगावरच्या खुणा लिहिल्या जात, त्याला एक क्रमांक मिळे आणि एक-दोन दिवसांत मळेवाला त्याला घेऊन जाई. पुढील काळात या नोंदींसोबत छायाचित्रेही जोडली जाऊ लागली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या वह्या जपून ठेवल्या आहेत आणि आपल्या पणजोबाचे गाव शोधण्यासाठी मॉरिशसचे नागरिक आजही तेथे जातात. कारकुनाने ऐकून लिहिलेले नाव पुढे कुटुंबाचे आडनाव झाले, अशी उदाहरणे त्या समाजात सर्रास आढळतात.

मराठी वाचकाने येथे थोडे अधिक थांबावे. बहुसंख्य मजूर बिहार आणि पूर्वेकडील प्रांतांतून कलकत्तामार्गे गेले, दक्षिणेकडील मद्रासमार्गे. पण मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत असत, आणि त्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरी परिसरातील माणसे होती. त्यांचे वंशज मॉरिशसमध्ये संख्येने थोडे आहेत. घरात बहुतेकजण क्रिओल बोलतात, म्हणजे फ्रेंच शब्दांवर आधारलेली व गुलामांच्या वस्त्यांत घडलेली बेटाची सामाईक भाषा. तरीही शाळांत मराठी शिकवली जाते, मराठी मंडळ्या आहेत, आणि गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते. मूर्ती समुद्रात किंवा नदीत विसर्जित करण्यासाठी निघणारी मिरवणूक पाहायची असेल तर सप्टेंबरच्या आसपासचा प्रवास त्यानुसार आखता येतो.

घाटापासून मध्यवर्ती बाजार जवळच आहे. प्रवेशद्वाराच्या लोखंडी जाळीत व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे गुंफलेली आहेत, आणि आत भाज्या, मसाले व औषधी वनस्पतींचे जुने गाळे आहेत, जेथे विक्रेते दुखणे ऐकून काढ्याच्या पुड्या बांधून देतात. खाण्यातील पहिला मान डाळपुरीचा. शिजवून वाटलेली डाळ पातळ पोळीत भरून तव्यावर भाजतात आणि अशा दोन पोळ्यांवर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि चटणी घालून, गुंडाळून, उभ्या उभ्या खायला देतात. पुरणपोळीत वाढलेल्या जिभेला तिचे तिखट रूप नवे वाटले तरी परके वाटणार नाही. जोडीला डाळीची मिरचीभजी आणि फालुद्याच्या कुळातील अलुदा हे थंड पेय असते. बाजारातून निघालेला रस्ता काही पावलांत जुम्मा मशिदीपाशी आणि पुढे चिनी वस्तीच्या दुकानांपाशी पोहोचतो. ही मशीद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गुजराती मुसलमान व्यापाऱ्यांनी उभारली.

शहरातील दोन संग्रहालये लहान आहेत, पण त्यांतील वस्तू जगात अन्यत्र क्वचितच मिळतील. निसर्गेतिहास संग्रहालयाकडे डोडोचा सांगाडा आहे. डोडो हा कबुतराच्या कुळातील, उडता न येणारा मोठा पक्षी केवळ या बेटावर होता. माणूस आणि त्याच्यासोबत आलेले उंदीर, डुकरे व माकडे यांच्यामुळे सतराव्या शतकातच तो नामशेष झाला. जगभरच्या संग्रहालयांतील डोडोचे सांगाडे सहसा १८६५ मध्ये बेटावरील एका दलदलीत सापडलेल्या अनेक पक्ष्यांच्या हाडांतून जुळवलेले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी एत्येन थिरिउ या पोर्ट लुईतील केशकर्तनकाराने, ज्याला निसर्गसंशोधनाचा नाद होता, डोंगरात शोध घेऊन एकाच पक्ष्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळवला, आणि तो या संग्रहालयाचा ठेवा आहे. डोडोला लोक हास्यास्पद, बोजड पक्षी मानत आले. या एका सांगाड्याच्या अभ्यासातून त्याची खरी चण पुन्हा मांडता आली.

दुसरे संग्रहालय ब्लू पेनी, बंदरालगतच्या कोदाँ या बाजारसंकुलात. मॉरिशसने १८४७ मध्ये एक पेनीचे नारिंगी आणि दोन पेन्सचे निळे तिकीट काढले; ब्रिटनबाहेर ब्रिटिश वसाहतीच्या टपाल खात्याने काढलेली ही पहिली तिकिटे. प्रत्येकी फक्त ५०० छापली गेली आणि आज त्यांतील अगदी मोजकी शिल्लक आहेत. तेथील बँका व कंपन्यांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये दोन तिकिटे विकत घेऊन मायदेशी आणली. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवरचा दिवा ठरावीक वेळीच काही मिनिटे लावतात आणि एरवी प्रतिकृती दिसतात, तेव्हा तिकीटघरातच वेळ विचारून घ्यावी.

उन्हे उतरताना ॲडलेड किल्ल्यावर जावे. १८३४ ते १८४० या काळात ब्रिटिशांनी बांधलेल्या या गडाची तोंडे समुद्राइतकीच शहराकडेही आहेत, कारण गुलाममुक्तीमुळे चिडलेल्या फ्रेंच मळेवाल्यांच्या उठावाची धास्ती सरकारला होती. तटावरून खाली शाँ द मार्स हे घोडदौडीचे मैदान दिसते. तेथे १८१२ पासून शर्यती होतात आणि १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र मॉरिशसचा ध्वज तेथेच फडकला.

सायंकाळी पाचनंतर शहर झपाट्याने रिकामे होते, याचे नवख्या प्रवाशाला आश्चर्य वाटते. त्याचे मूळ १८६० च्या दशकात आहे. १८६४ मध्ये बेटावर रेल्वे सुरू झाली आणि १८६६ ते १८६८ मध्ये हिवतापाच्या साथीने हजारो माणसे दगावली. ज्यांना परवडले ती कुटुंबे डास कमी असलेल्या पठारावर राहायला गेली आणि आगगाडीने कामापुरती खाली येऊ लागली. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, सुएझ कालवा उघडला आणि भारताकडे जाणाऱ्या जहाजांची वाट बदलली, तर एप्रिल १८९२ च्या चक्रीवादळाने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. हिवताप कधीच हद्दपार झाला, प्रवासी रेल्वेही १९५६ मध्ये बंद पडली, पण राहण्याची रीत टिकली. २०२० मध्ये सुरू झालेली मेट्रो बऱ्याच अंशी त्याच जुन्या लोहमार्गाने क्यूरपीपपर्यंत धावते आणि प्रवाशानेही तिचा उपयोग करावा. सायंकाळी ओस पडणाऱ्या शहरात मुक्काम करण्याऐवजी पठारावर राहून ये-जा करायची असेल, तर तो चांगला उपाय आहे. रविवारी मात्र बहुतेक दुकाने बंद असतात.

तो रविवार उत्तरेकडे घालवता येतो. शहराच्या सें-क्रुआ उपनगरात मुक्त गुलामांत काम करणारे डॉक्टर-धर्मगुरू जाक-देझिरे लावाल यांची समाधी असून, सप्टेंबरमध्ये तेथे ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदू व मुसलमानही रात्रभर चालत येतात. त्यापुढे सुमारे अर्ध्या तासाच्या बसप्रवासावर पाम्प्लमूसचे वनस्पती उद्यान आहे. पिएर प्वाव्र या अधिकाऱ्याने डचांची मक्तेदारी मोडून जायफळ आणि लवंगेची रोपे १७७० च्या सुमारास येथे रुजवली. ॲमेझॉनच्या महाकाय कमळांची पाने पाहायला गर्दी होते, ती टाळायची तर सकाळी लवकर जावे. आयुष्याच्या शेवटी एकदाच फुलून वाळणारे तालिपॉट ताडही बागेत आहेत. शेजारच्या बो प्लाँ येथील साखर कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि त्याच्या यंत्रांमध्येच संग्रहालय उभे राहिले. उसापासून साखर कशी होते हे तेथे दाखवतात, तसेच ती कोणी पिकवली याच्या नोंदीही मांडल्या आहेत; घाट पाहून झाल्यावरच तेथे जावे, म्हणजे त्या नोंदींतील जहाजे, बंदरे आणि क्रमांक यांचा अर्थ आधीच माहीत असतो.