मरुभूमींतील पावसाचा हिशेब

थेंबें थेंबें तळें साचे, ही म्हण प्रत्येक मराठी घरांत मुलांच्या कानांवर पडते. तिचा सरळ अर्थ असा कीं, थेंब जितके अधिक तितकें तळें मोठें. कृष्णा-गोदावरींच्या कांठच्या लोकांचा अनुभवही असाच आहे. नदी जसजशी पुढें जाते तसतसे तिला ओढे मिळतात, भूमींत मुरलेलें पाणी झऱ्यांच्या रूपानें परत येतें आणि पात्र विस्तारत जातें.

मरुभूमींत मात्र हा न्याय अर्धाच लागू पडतो. पाणलोटाचें क्षेत्र दसपट वाढविलें तर तेथें पाणी दसपट मिळत नाहीं. उलट दर हेक्टरीं हातीं येणारा वांटा घटत जातो.

असें कां व्हावें? इस्रायलच्या दक्षिणेकडील नेगेव्ह प्रदेशाचें उदाहरण घ्यावें. तेथील अवदात या प्राचीन नगराच्या परिसरांत वर्षाकाठीं जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. तोही हिवाळ्यांत, थोड्याशा सरींनीं. वाऱ्यानें आणून टाकलेल्या तेथील बारीक मातीचा पृष्ठभाग पहिल्या सरीबरोबर पापुद्र्यासारखा आवळतो. मग पुढचें पाणी आंत न मुरतां उतारावरून धांवूं लागतें. म्हणून लहानशा टेकडीवरून अल्प पावसांतही ओहळ वाहतात.

परंतु या ओहळाला पुढें तीन अडचणी येतात. पायथ्याची सैल माती आणि ओढ्याचें वाळूचें कोरडें पात्र हीं वाटेंतच त्याला शोषून घेतात. भूजल फार खोल असल्यामुळें तें पाणी झरा होऊन वर येत नाहीं. दुसरें असें कीं, सर थोडाच वेळ टिकते. दूरचें पाणी मुखापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं पाऊस थांबलेला असतो. तिसरें कारण ढगांचें. मरुभूमींतील जोरदार सर थोड्याच मैलांचा प्रदेश भिजविते. मोठ्या पाणलोटाचा एक कोपरा चिंब, तर बाकीचा कोरडाच राहतो.

हा नियम केवळ नेगेव्हपुरता नाहीं. अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानांत टूम्स्टोन गांवाजवळ वॉलनट गल्च नांवाचें सुमारें 150 चौरस किलोमीटरांचें पाणलोट क्षेत्र 1953 पासून प्रयोगासाठीं राखलेलें आहे. तेथील मोजणींतही क्षेत्र वाढतें तसा दर हेक्टरीं वाहणारा प्रवाह घटतांना दिसतो.

नेगेव्हमधील प्राचीन शेतकऱ्यांजवळ मोजणीचीं यंत्रें नव्हतीं. पण हा नियम त्यांनीं ओळखला होता. नबाती आणि पुढें बायझंटाईन काळांत त्यांनीं टेकड्यांच्या उतारांवर दगडी पाट आंखून त्यांचे लहान लहान भाग पाडले, आणि प्रत्येक भागाचें पाणी खालच्या बांधबंदिस्त शेतांत घेतलें. सरासरीनें एक हेक्टर शेतामागें वीस ते तीस हेक्टर उतार राखलेला असे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एवेनारी यांनीं लेस्ली शानान आणि नफ्ताली तादमोर या सहकाऱ्यांसह 1959 मध्यें अवदात येथें अशी शेती पुन्हां उभी केली. त्यांनीं केवळ वाहून आलेल्या पावसावर बदाम, जर्दाळू आणि द्राक्षें पिकविलीं.

हें कसें साधतें, तें साध्या अंकगणितानें समजतें. समजा, 20 हेक्टर उतारावर 10 मिलिमीटर पाऊस पडला. तें पाणी 2,000 घनमीटर झालें. त्याचा पंचमांश, म्हणजे 400 घनमीटर, एक हेक्टर शेतांत उतरला, तर तेथें 40 मिलिमीटर पाण्याची भर पडते. शेतावर स्वतः पडलेला पाऊस धरून एकूण 50 मिलिमीटर झाले. जी सर उघड्या माळावर वाळून गेली असती, तिनें झाडाच्या मुळांपर्यंत ओल पोहोंचविली.

आतां याच पंचमांशावरून एखाद्या स्थापत्यविशारदानें 20,000 हेक्टरांच्या पाणलोटाचा हिशेब मांडला आणि त्यावर धरण बांधलें, तर काय होईल? बहुतेक वर्षें तें रितेंच राहील. त्याचा गुणाकार बरोबर असेल. पण मधल्या वाटेवरची वाळू त्यानें हिशेबांत धरली नसेल.

याचा अर्थ मोठा पाणलोट निरुपयोगी असा मात्र नव्हे. लहान उतार दर हेक्टरीं अधिक देतो, तरी त्याची एकूण मिळकत एका शेतापुरतीच. तेवढ्यावर नगराची तहान भागत नाहीं. शिवाय वाळूंत मुरलेलें पाणी सर्वस्वीं वायां जात नाहीं. ओढ्याच्या पात्रांतील विहिरी त्यावरच जगतात. म्हणून वरचा उतार अडविणाऱ्यानें खालच्या विहिरीचाही विचार करावयास हवा.

थेंबें थेंबें तळें साचतें हें खरेंच आहे. मरुभूमि त्याला इतकीच पुस्ती जोडते कीं, थेंब जेथें पडला त्याच्या जवळच तळें असावें.