एका ‘चार्ज’चे अनेक भार

इंग्रजीतून मराठीत येऊन स्थिरावलेल्या शब्दांमध्ये, ज्याचा अर्थ प्रत्येक कचेरीच्या उंबरठ्यावर पालटतो, असा ‘चार्ज’सारखा दुसरा शब्द क्वचितच आढळेल. सिन्नरच्या बसस्थानकावर तो मोबाइलसंबंधाने उच्चारला जातो. तहसील कचेरीत नवा अधिकारी ‘चार्ज घेतो’, म्हणजे पदभार स्वीकारतो. महावितरणच्या देयकावर त्याच शब्दाचे स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार असे वेगवेगळे रकाने होतात. न्यायालयात तो आरोपीवर ठेवलेला दोषारोप असतो, पोलीस जमावावर चालून गेले की लाठीमार, आणि माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींत भट्टीचे काम जाणणाऱ्या एखाद्या कामगाराला विचारावे, तर भट्टीत एका वेळी घालावयाचा माल.

हे अर्थ परस्परांना अपरिचित भासत असले, तरी त्यांचे कुळ एकच आहे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यावर ओझे लादणे या अर्थाचे क्रियापद उत्तरकालीन लॅटिनमध्ये सिद्ध झाले आणि जुन्या फ्रेंचच्या वाटेने ते इंग्रजीत उतरले. लादण्याचा हा मूलार्थ ध्यानी आला, म्हणजे माणसावर लादलेली जबाबदारी, वस्तूवर बसवलेले मूल्य, आरोपीच्या माथी आलेला दोष आणि भट्टीत भरलेला माल यांची संगती सहज लागते. पदभार, कार्यभार, विद्युतभार हे आपले शब्दही याच कल्पनेतून घडले आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आश्रयास आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांच्या भाषेतही जहाजावरील माल आणि विद्युतभार या दोहोंना ‘वादुनेक’ हा एकच शब्द आहे. मात्र शुल्काला आणि आरोपाला त्या भाषेने, आपल्याप्रमाणेच, निराळे शब्द योजले आहेत.

या सर्व अर्थांत शेतकऱ्याने ज्याची विशेष ओळख ठेवावी, तो अर्थ आहे बोजा. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण आणि बोजा यांत स्पष्ट भेद केला आहे: गहाणात मिळकतीमधील काही हितसंबंध धनकोकडे जातो, बोजात तसा कोणताही हितसंबंध जात नाही, पण ती मिळकत देण्याच्या फेडीस बांधलेली राहते. 1960च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम 48 हेच तत्त्व गावच्या सोसायटीपर्यंत आणते. कर्ज घेणाऱ्या सभासदाने आपल्या जमिनीवर संस्थेचा बोजा असल्याचे घोषणापत्र द्यावयाचे, त्याची नोंद हक्कनोंदणीत व्हावयाची, आणि संपूर्ण फेड होईपर्यंत ती जमीन परस्पर विकावयाची नाही, अशी त्याची योजना आहे. ज्या माणसाला ‘चार्ज’ म्हणजे बँकेने कापून घेतलेली रक्कम एवढेच ठाऊक असते, तो ‘चार्ज’ असा शब्द लिहिलेल्या अशा कागदावर सही करताना आपण जमीन बांधून देत आहोत हे जाणतच नाही. आणि हा अन्याय, माझ्या मते, भाषेच्या हयगयीतून घडतो, कारण ‘बोजा’ हा खेड्यातील प्रत्येकाला कळणारा शब्द दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे.

म्हणून कर्जाच्या कागदावर ‘चार्ज’ हा शब्द दिसताच तो शुल्काचा की बोजाचा, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणि कर्ज फिटल्यावर संस्थेकडून बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा, फेरफार मंजूर करून घ्यावा, आणि सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यातून बोजाची नोंद खरोखर कमी झाली आहे, हे नवा उतारा काढून स्वतः वाचून पाहावे.