पुजाऱ्याची पाळी

लावणीचे दिवस आले की रोह्याला, कुंडलिकेच्या काठी, हात कमी पडतात. आवण उपटायचं, मुठी बांधायच्या, खाचरात पाणी आहे तोवर लावून मोकळं व्हायचं. मग सावड लागते: आज सगळे तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. हा हिशेब कुणी लिहीत नाही, पण चुकतही नाही, कारण भात शेवटी कुणाच्या तरी घरी जायचं असतं. आता समजा, खाचर कुणाचंच नाही. मग भल्या पहाटे तिथे जाईल कोण, आणि कशाला?

ह्यावर रोह्यातच जन्मलेल्या (१९ ऑक्टोबर १९२०) पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी काढलेली तोड म्हणजे स्वाध्याय परिवाराची 'योगेश्वर कृषी'. वडील वैजनाथशास्त्रींनी १९२६ साली मुंबईत माधवबागेत गीता पाठशाळा काढली. तिथे शास्त्रीजी, म्हणजे स्वाध्यायींचे 'दादा', प्रवचनं करत. ऐकणारे पुढे भक्तिफेरीला गावोगाव निघाले, तोच स्वाध्याय परिवार. वर्गणी मागायची नाही, डबा आपला आपण न्यायचा, उंबऱ्याशी बसून बोलायचं.

योगेश्वर कृषीची रीत सोपी. गावानं मिळून थोडी जमीन धरायची, मालक योगेश्वर. घरटी पाळी लागते, वर्षातले मोजके दिवस. ज्याची पाळी तो त्या दिवशी पुजारी. मजुरी नाही. पिकाचा पैसा 'अपौरुषेय लक्ष्मी', कुणाच्याच नावावर नसलेली. त्यातला वाटा नडलेल्या घरी प्रसाद म्हणून गुपचूप पोचतो. १९७९ पासून गुजरातेत वृक्षमंदिरं उभी राहिली, तिथेही हेच: आसपासच्या गावांतले पुजारी आळीपाळीनं येतात, झाडांना पाणी घालतात आणि घरी जातात.

'पुजारी' ह्या शब्दाची निवड मला फार धूर्त वाटते, चांगल्या अर्थानं. ज्याला देवळात कधी गाभाऱ्याजवळ कुणी उभं केलं नाही, तोही इथे चिखलात उभा राहून पुजारीच. आणि पाळी आली की चुकवता येत नाही. गावकीत ज्याचं तोंड कधी उघडलं नाही, त्याला त्या दिवशी ठरवावं लागतं: कुठला बांध फोडायचा, मुठी कमी पडल्या तर कुणाच्या आवणातून मागायच्या. दहा खंडी भात पिकवणारा म्हातारा खातेदार त्यालाच विचारतो, "मी कुठून लावू रे?" नेतृत्वाच्या एका शिबिरानं होत नाही ते असल्या एका सकाळीत होतं.

पेणकडच्या खारपट्ट्यात माणसं एकत्र येतात ती भरतीनं बांधाला खांड पडली म्हणजे. तेव्हा ज्याचा आवाज मोठा तो पुढारी. पाळीत आवाज लागत नाही.

१९९६ साली शास्त्रीजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो सामुदायिक नेतृत्वासाठी. १९९७ साली टेम्पल्टन. गंमत अशी, की पाळीनं गावोगाव पुढारी घडवणाऱ्या ह्या व्यवस्थेत वरची जागा मात्र पाळीची नव्हती. सारा भार एका माणसाच्या शब्दावर. २५ ऑक्टोबर २००३ ला दादा गेले, धुरा 'दीदी' जयश्री तळवलकरांकडे आली, आणि वारशावरून वादही झाले. पुढारी कोण, हे खाचरात सुटलेलं कोडं वर तसंच राहिलं, असं मला वाटतं.

खाली मात्र भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल टाकायची वेळ होते. आजचा पुजारी पाय धुऊन निघतो आणि जाता जाता उद्याच्याला सांगतो, वरच्या कोपऱ्यात अजून ओल आहे, तिथे घाई करू नको.