धुरजड आणि उलाळ : उडत्या गाडीच्या बांधणीतील दोन जुने शब्द

बैलगाडी बांधणाऱ्या सुताराने यंत्रशास्त्राचा ग्रंथ वाचलेला नसतो. तथापि भाराचा तोल सांगणारे दोन नेमके शब्द त्याच्यापाशी असतात. भार आसाच्या पुढे गेला की गाडी ‘धुरजड’ होते आणि जू बैलांच्या मानेवर दाबते. तो आसाच्या मागे गेला की गाडी ‘उलाळ’ होते आणि जू वर उचलले जाते. ‘धुरंधर’ व ‘धुरीण’ या शब्दांत जी ‘धुर्’ आहे, तीच ‘धुरजड’मध्येही आहे. हे शब्द एका अगदी नव्या वाहनाला कसे लागू पडतात, हे येथे पाहावयाचे आहे.

फ्रान्समधील म्यूसी या गावी १९७८ मध्ये डोंगरउतारावरून कापडी छत्रासह उड्डाणे होऊ लागली व त्यातून पॅराग्लायडिंगचा प्रसार झाला. पुढे या छत्राला इंजिनाची जोड मिळाली. इंजिन पाठीवर घेऊन धावणे ज्यांना जमत नाही, ते तीन चाकांची हलकी गाडी वापरतात. पुष्कळ हौशी लोक ती स्वतःच बांधतात. पुढे एक चाक, मागे दोन, मध्ये आसन आणि पाठीमागे इंजिन व पंखा, अशी तिची सर्वसाधारण रचना असते.

या गाडीचे वैशिष्ट्य असे की, जमिनीवर ती चाकांवर उभी असते, तर आकाशात छत्राला टांगलेली असते. म्हणून तिचा तोल दोनदा पाहावा लागतो. जमिनीवर भार मागच्या आसाच्या फार जवळ असेल, तर छत्र उभे राहताना बसणाऱ्या ओढीने गाडी पंख्यावर कलंडू शकते. आकाशात आसाचे काम टांगणीचे बिंदू करतात. ते फार मागे असले की गाडी धुरजड होते. उतरताना पुढचे चाक आधी टेकून वाळूत रुतते आणि गाडी उलटण्याचा संभव असतो. ते फार पुढे असले की गाडी उलाळ होते. मग इंजिनाचा जोर पुढे लागण्याऐवजी काही अंशी वर लागतो.

यावर परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून, चालकाला आसनावर बसवून गाडी भक्कम तुळईला टांगावी. पुढचे चाक मागच्या चाकांहून किंचित वर राहिले पाहिजे. टाकी भरलेली असताना व रिकामी असताना, अशी दोनदा ही परीक्षा घ्यावी. टाकी टांगणीच्या बिंदूंखालीच असेल तर इंधन संपत आले तरी तोल फारसा ढळत नाही. मागची दोन चाके एकमेकांपासून पुरेशी दूर असावीत. छत्र बाजूला ओढू लागले तर अरुंद गाडी सहज आडवी होते. शिवाय गाडीसह एकूण वजन छत्राच्या मर्यादेत बसले पाहिजे.

रत्नागिरीजवळील भाट्याची पुळण ओहोटीच्या वेळी घट्ट असते. सड्यावरील जांभा मात्र लहान चाकांना मानवत नाही. परंतु येथील विमानतळ तटरक्षक दलाच्या वापरात असल्याने, योग्य परवानगीवाचून येथे उड्डाणाचा विचारही करू नये.

बैलगाड्या कमी होत आहेत आणि त्यांची परिभाषा हातांनी जाणणारे सुतारही. नव्या बांधणाऱ्याने हे दोन शब्द उचलले, तर दोष कोठे आहे हे त्याला एका शब्दात सांगता येईल. आणि दोष जमिनीवर असतानाच सांगता येणे, यातच चालकाची सुरक्षितता आहे.