केळणेकाठचा तळेकर

लेकरांनो, भोकरदनवरून वाहत येणारी केळणा आणि वरच्या अंगाने येणारी जुई असई गावाच्या पुढे एक होतात. एक होण्याआधी दोघींच्या मध्ये जमिनीचा एक निमुळता पट्टा राहतो. आज तिथं कापूस, मका, सोयाबीन दिसेल. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं तोफा होत्या. एका बाजूला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा. लढाईची गोष्ट तुम्हाला शाळेत कळेलच. मला आज सांगायचं आहे ते शिंद्यांच्या कवायती पायदळाच्या सरदाराबद्दल. तो ना शिंदे, ना भोसले, ना होळकर. त्याचं नाव अँथनी पोलमान, आणि माणूस जर्मन!

जर्मन माणूस आपल्या जालन्यात काय करत होता? त्या काळी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाच जर्मनीतल्या हॅनोव्हर संस्थानाचाही धनी होता. हैदरअलीशी झुंजायला माणूस कमी पडलं, तेव्हा कंपनी सरकारने हॅनोव्हरच्या पलटणी मद्रासेला आणवल्या. पोलमान त्यातलाच एक सार्जंट. ती चाकरी सोडून तो पळाला आणि शिंद्यांच्या कवायती फौजेत शिरला. तिथं चढत चढत असा मोठा झाला की हत्तीवर बसून फिरायचा, असं लोकांनी लिहून ठेवलंय. असईला वेलस्ली भलत्याच बाजूने आला. वाटाडे म्हणत होते की नदीला उतार नाही. त्याने पाहिलं, केळणेच्या या काठाला पिंपळगाव आणि समोरच्या काठाला वरूड. दोन गावं अशी समोरासमोर असली म्हणजे मधून जाण्यायेण्याला उतार असणारच. आणि होताही. पण पोलमानही कच्चा नव्हता. त्याने सगळी रांग काटकोनात वळवून पुन्हा त्याच्या तोंडावर उभी केली. वेलस्लीला याची अपेक्षा नव्हती. पुढं इंग्रज जिंकले, पण माणसं फार गेली. इतकं रक्त सांडलेली लढाई आपण क्वचितच पाहिली, असं वेलस्ली म्हातारपणीही सांगायचा.

बरं, हे आडनाव. उत्तर जर्मनीच्या सखल मुलखात पोल म्हणजे डबकं, पाणथळ, तळं. मान म्हणजे माणूस. तळ्याकाठी घर असलेला तो पोलमान. आपल्याकडे जन्मला असता तर तळेकर म्हणवला असता! दक्षिणेकडच्या, म्हणजे डोंगराळ भागातल्या जर्मनीत याच डबक्याला प्फूल म्हणतात. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या लोकांच्या तोंडी प चा प्फ होत गेला. सफरचंदाचं आप्पल उत्तरेत तसंच राहिलं, दक्षिणेत आप्फेल झालं. उत्तरेच्या सपाट मुलखाने जुना प धरून ठेवला. म्हणून नुसत्या आडनावातल्या एका अक्षरावरून कळतं की हे घराणं मूळचं डोंगराकडचं की समुद्राकडचं. वस्तीचं खोदकाम करावं लागत नाही. मला तर यातच सगळी मौज वाटते.

जर्मनीतल्या पंडितांनी याचा मोठा नकाशासंग्रह केलाय. फ्रायबुर्गचे कोनराड कुन्झे आणि माइन्झच्या डामारिस न्यूबलिंग यांनी २००५ सालच्या टेलिफोनच्या याद्या घेतल्या आणि कुठल्या जिल्ह्यात कुठलं आडनाव किती, याचे नकाशेच्या नकाशे काढले. टेलिफोनची यादी! जी जाडजूड वही आपण दाराला अडसर म्हणून वीट ठेवावी तशी ठेवत होतो, तिच्यातून हजार वर्षांच्या बोलीभाषा वर आल्या. मान शेवटाला असलेली आडनावं वायव्येला, वेस्टफालिया आणि लोअर सॅक्सनीकडे दाट. पोलमानही त्याच बाजूचा, हॅनोव्हरच्या शेजारपाजारचा. पण नुसतं पोल हे आडनाव पूर्वेला सिलेसियात दिसलं, तर तिथं त्याचा डबक्याशी संबंध नसतो. तिथं पोल म्हणजे पोलंडकडून आलेला. उच्चार सारखा, उगम वेगळे. त्यात १९४५ नंतर सिलेसियातल्या लाखो जर्मनांना घरदार सोडून पश्चिमेला यावं लागलं, त्यामुळे नकाशातले रंग एकमेकांत मिसळले.

आता तुम्ही विचाराल, हे नाव त्याला दिलं कुणी? शेजाऱ्यांनी. गावात योहान नावाचे चौघे असले की कुणी तळ्याकाठचा, कुणी गिरणीवाला, कुणी लोहार. स्वतःला तळ्याकाठचा म्हणवून घ्यायची गरज कुणालाच नसते. आपल्या कर लागलेल्या आडनावांत तर हे फार ठसठशीत दिसतं. अंबडमध्ये राहणाऱ्याला अंबडमध्ये कोण अंबडकर म्हणेल? तिथं सगळेच अंबडचे. अंबड सोडून माणूस दुसऱ्या गावी गेला की मग तो अंबडकर होतो. परतूरकर, राजूरकर यांचंही तेच. तेव्हा असं आडनाव मूळ गाव कुठलं ते सांगतं, पण त्या नावाची माणसं शोधायची तर ते गाव सोडून इतरत्र शोधावी लागतात. होळकरांचं मूळ गाव होळ, नीरेच्या काठी, आणि ते नाव गाजलं माळव्यात. आपले नागपूरकर भोसले नागपूरकर झाले ते साताऱ्याच्या छत्रपतींकडच्या भोसल्यांपासून वेगळे ओळखायला. जर्मनीतही बायर, म्हणजे बव्हेरियाचा, हे नाव बव्हेरियाच्या बाहेर पडल्याशिवाय कशाला चिकटेल?

नाव बापाकडून मुलाकडे जातं. आपल्या शरीरातही एक गोष्ट अशीच बापाकडून मुलाकडेच जाते, ती म्हणजे वाय गुणसूत्र. मुलींत ते नसतं. बाकीची गुणसूत्रं दर पिढीत आईबापांकडून मिसळून येतात, वाय मात्र जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. फार हळू, एखाद्या ठिकाणी अक्षर बदलावं इतकाच फरक पडत जातो. मग एकाच आडनावाच्या अनोळखी पुरुषांचं वाय सारखं निघेल का? ब्रायन साइक्स नावाच्या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञाने २००० साली आपल्याच आडनावाच्या लोकांना पत्रं लिहून गालाच्या आतल्या पेशी मागवल्या. जवळजवळ निम्म्यांचं वाय एकाच घराण्याचं निघालं. पुढे २००९ मध्ये ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ब्रिटनमधली ४० आडनावं आणि १,६७८ पुरुष तपासले. दुर्मीळ आडनावांत बहुतेक जण एकाच पूर्वजाचे, आणि स्मिथ, म्हणजे लोहार, यात कुणाचा कुणाला पत्ता नाही. कारण सरळ आहे. लोहार गावोगाव होते, तेव्हा स्मिथ हे नाव शेकडो वेळा वेगवेगळं जन्मलं.

मग उरलेले निम्मे साइक्स कोण? दत्तक, घरजावई, आईकडचं नाव लावणारे, आणि घरातली झाकलेली गुपितंही. वेस्टफालियात तर एक वेगळीच रीत होती. तिथं नाव माणसाला नव्हे, शेतवाडीला चिकटलेलं असायचं. वाडीत मुलगा नसला आणि जावई येऊन नांगर धरू लागला, की तो आपलं नाव टाकून वाडीचं नाव घ्यायचा. जमीन तीच, नाव तेच, वाय मात्र परक्याचं.

असईच्या मैदानावरचीच माणसं बघा ना. वेलस्लीचं घराणं मूळचं कॉली. १७२८ मध्ये त्याच्या आजोबांना नात्यातल्या गॅरेट वेस्लीची जहागीर मिळाली, तेव्हा त्यांनी वेस्ली नाव लावलं. आर्थरही वेस्लीच लिहायचा. १७९८ पासून वेलस्ली लिहू लागला. म्हणजे असईची लढाई ज्या नावाने गाजली, ते त्या माणसाच्या सहीत जेमतेम पाच वर्षांचं होतं, आणि वाय कॉलींचं. समोरच्या दौलतरावांचं उलट. तेही ज्यांच्या गादीवर बसले त्या महादजी शिंद्यांचे सख्खे पुत्र नव्हेत. पण महादजींचे भाऊ तुकोजी, त्यांचे ते नातू. भाऊबंदातलाच मुलगा घ्यायचा या आपल्या रीतीमुळे नाव आणि वाय दोन्ही एकाच धाग्यावर राहिले. रघूजी भोसलेही चुलत्यालाच दत्तक. भाऊबंदकीला आपण नावं ठेवतो, पण या एका हिशेबात ती फार नेटकी निघाली.

आईचा धागा विसरू नका. पेशीत मायटोकाँड्रिया म्हणून बारीक कण असतात, ते आईकडूनच येतात. आपल्या जालन्यात बियाण्याचे प्लॉट घेणाऱ्या घरातल्या पोरांना हे सांगायची गरज नाही. नर ओळी आणि मादी ओळी वेगळ्या लावायच्या, बी मादीवर धरायचं, आणि वाण ओळखायचा तर दोन्हीकडचं मूळ जपायचं. माणसाच्या आडनावात मात्र मादी ओळीची नोंदच नाही. असईच्या लढाईपासून आजपर्यंत साधारण आठ पिढ्या धरल्या, तर तुमचे त्या काळचे पूर्वज होतात २५६. त्यातल्या एकाचं आडनाव तुम्ही लावता. उरलेल्या २५५ जणांचं काय? कुणी पोतदार असेल, कुणी पाटील, कुणाला आडनावच नसेल.

आणि हे बापाकडचं नाव टिकतंच असंही नाही. डार्विनचा आतेभाऊ म्हणावा असा नात्यातला फ्रान्सिस गाल्टन याला दिसलं की इंग्लंडमधली मोठमोठी घराणी नामशेष होत आहेत. लोक म्हणायचे, श्रीमंतांचं रक्त पातळ झालंय. त्याने विचारलं, हा नुसता योगायोगाचा खेळ तर नाही? १८७३ मध्ये त्याने हा प्रश्न एका मासिकात टाकला, हेन्री वॉटसन नावाच्या पाद्रीबुवाने गणित मांडलं, आणि पुढच्या वर्षी दोघांनी मिळून ते छापलं.

तुम्हीच खेळून बघा. शंभर घरं, शंभर वेगळी आडनावं. प्रत्येक पुरुषासाठी दोन नाणी उडवा. जितके छाप पडतील तितके मुलगे. कुणाला शून्य, कुणाला एक, कुणाला दोन, सरासरी एकच. म्हणजे एकूण पुरुषांची संख्या सरासरीने शंभरच्या आसपासच राहणार. पण पहिल्या पिढीत सुमारे २५ आडनावं गेली. दुसऱ्या पिढीअखेर ३९ गेली. तिसऱ्याअखेर ४८. कुणी शाप दिला नाही, साथ आली नाही, दुष्काळ पडला नाही. खेळत राहिलात तर उरेल एखादंच नाव, नाही तर तेही नाही. सरासरी एकाहून जास्त असली तर काही नावं तगतात, तरीही बरीच बुडतात. आल्फ्रेड लोटकाने अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे घालून पाहिलं, तर एका पुरुषाचा नावधागा कधी ना कधी तुटण्याची शक्यता दहांत आठांहून जास्त आली. जिथं आडनावं फार जुनी, तिथं ती थोडीच उरलेली दिसतात. कोरियात दर पाचातला एक माणूस किम आहे. हेच गणित पुढे हाल्डेन साहेबांनी नव्या जनुकाला लावलं, ते टिकेल की बुडेल हे बघायला. ते हाल्डेन नंतर भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले.

आपल्याच घनसावंगी तालुक्यातलं जांब घ्या. सूर्याजीपंत ठोसरांना दोन मुलगे, गंगाधर आणि नारायण. नारायण सावधान शब्द ऐकून बोहल्यावरून पळाला असं सांगतात. तो समर्थ रामदास झाला आणि त्याच्या बाजूने ठोसर आडनाव शून्यावर थांबलं. गंगाधरपंतांच्या बाजूने ते चालत राहिलं. दोन नाणी, एक छाप, एक काटा.

असईच्या मैदानावर आणखी एक जर्मन नाव होतं, पण पार चेहरामोहरा बदलून. शिंद्यांच्या बाजूने बेगम समरूच्या पलटणी होत्या, सामानाच्या पहाऱ्यावर. ही मेरठजवळच्या सरधन्याची बेगम. तिचा नवरा वॉल्टर राइनहार्ट, जर्मन बोलणाऱ्या मुलखातला भाडोत्री शिपाई. चेहरा कायम काळवंडलेला, म्हणून सोबत्यांनी त्याला सोंब्र म्हटलं, म्हणजे उदास. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचं समरू झालं. १७७८ मध्ये तो आग्र्याला मेला. राइनहार्ट हे बापजाद्यांचं नाव मागे पडलं आणि सोबत्यांनी ठेवलेलं टोपणनाव आडनाव झालं. बेगम १८३६ मध्ये वारली, तेव्हा बहुतेक दौलत तिने ठेवली ती राइनहार्टच्या नातीच्या मुलाला. त्याचा बाप स्कॉटिश रक्ताचा डाइस. म्हणजे वाय डाइसांचं, नाव मात्र डाइस सोंब्र. तो विलायतेला गेला, १८४१ मध्ये सडबरीतून पार्लमेंटात निवडून आला, आणि मतं विकत घेतल्याच्या आरोपावरून पुढच्या वर्षी ती निवडणूक रद्द झाली. १८५१ मध्ये लंडनला वारला. मूल नव्हतं. सोंब्र हे नाव तिथं संपलं, पण मृत्युपत्र वैध की अवैध यावरचा कज्जा मागं राहिलेल्यांनी नंतरही कितीतरी दिवस चालवला.