जाड ऑइल, काळं ऑइल आणि ऐकीव शहाणपण

ऑइलचा विषय निघाला की गॅरेजच्या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला मत असतं. "आपल्याकडच्या उन्हाला जाड ऑइलच लागतं." "पाच हजाराला बदलून टाकायचं, विषय संपला." "काळं पडलं म्हणजे गेलं." यातलं एकही वाक्य हवेतून आलेलं नाही. पद्मिनी आणि ॲम्बॅसडरच्या काळात ही तिन्ही बऱ्यापैकी खरी होती. तेव्हाचं मिनरल ऑइल लवकर दमायचं, इंजिनात फटी मोठ्या असायच्या, कार्ब्युरेटरमुळे न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरायचं. पुढे इंजिनं बदलली, ऑइलही बदललं. बाकड्यावरची वाक्यं तेवढी राहिली.

सगळ्यात मोठा घोळ डब्यावरच्या आकड्यांचा आहे. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिन सुरू होताना ऑइल किती सहज वाहील ते सांगतो; जितका लहान, तितकं सहज. नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा. १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक घट्टपणा असेल तर ३०, आणि १२.५ ते १६.३ असेल तर ४०. साधं पाणी सामान्य तापमानाला सुमारे एक सेंटिस्टोक असतं. म्हणजे ज्या ०डब्ल्यू-१६ ला लोक 'पाण्यासारखं पातळ' म्हणतात, ते शंभर अंशांना तापल्यावरही पाण्याच्या सहापट घट्ट असतं.

आता उन्हाचं बघू. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे खरं. पण इंजिनाचा थर्मोस्टॅट कूलंटला वर्षभर नव्वद अंशांच्या आसपास ठेवतो आणि ऑइल शंभरीच्या घरात फिरत असतं. बाहेर पंधरा अंश आहेत की पंचेचाळीस, याचा बेअरिंगपाशी पोचलेल्या ऑइलवर थोडाच परिणाम होतो. तो धरूनच कंपनीने मॅन्युअलमध्ये तापमानाचा तक्ता छापलेला असतो. बाहेरच्या हवेचा खरा प्रताप दिसतो तो सकाळच्या पहिल्या स्टार्टला. २०डब्ल्यू-५० सारखं ऑइल तेव्हा थंडीतल्या काकवीसारखं हलतं, आणि वरच्या कॅमशाफ्टपर्यंत ते पोचेस्तोवर धातूवर धातू घासतो.

बरं, आजच्या इंजिनात ऑइलचं काम फक्त वंगणाचं राहिलेलं नाही. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते आणि बऱ्याच इंजिनांत टायमिंग चेनचा ताणही त्याच दाबावर धरलेला असतो. फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या. तिथे नेमून दिलेल्यापेक्षा जाड ऑइल घातलं की ॲव्हरेज पडतो आणि या यंत्रणा सुस्तावतात. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिलेले असतील आणि गाडीचं वय झालं असेल, तर त्यांतला जाड ग्रेड घ्यायला हरकत नाही. मात्र सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेले आहेत. जाड ऑइलने तो धूर काही महिने लपेल, इतकंच.

ग्रेड जुळला म्हणजे काम झालं असंही नाही. डब्यावर आणखी एक खूण असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. पेट्रोल गाड्यांसाठी एपीआय एसएन, एसपी अशी ती असते. दुसरं अक्षर पुढचं, तितका दर्जा नवा. एसपी २०२० मध्ये आला. लहान टर्बो इंजिनांत कमी वेगाला जोर दिल्यावर मिश्रण वेळेआधीच पेटून पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जात होती. हा दोष रोखण्यासाठी ऑइलमधल्या रसायनांचं गणित बदलावं लागलं: कॅल्शियम कमी केलं आणि त्याच्या जागी मॅग्नेशियम आणलं. टर्बो पेट्रोल घेतलेल्याने ही दोन अक्षरं वाचूनच डबा उचलावा.

डिझेलवाल्यांचा खिसा याहून मोठ्या चुकीने कापला जातो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ ही जाळी आली. जाळीत अडकलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते. पण ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही. ती तिथेच साठते आणि शेवटी जाळी बदलावी लागते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. मॅन्युअलमध्ये ते बहुधा एसीईए सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं. "ट्रकला चालतं ते तुमच्या गाडीला चालणार नाही का?" असं म्हणत कुणी बॅरलमधलं १५डब्ल्यू-४० ओतायला निघालं, तर हात धरावा.

डीपीएफवाल्यांना आणखी एक चमत्कार बघायला मिळतो: डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं! 'आपली गाडी ऑइल पीत नाही' म्हणून खूश होऊ नये. काजळी जाळण्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्येच थोडं जास्त डिझेल सोडतात. शाळा, बाजार, घर अशा तीन-तीन किलोमीटरच्या चकरांत ही प्रक्रिया अर्धवट राहते आणि डिझेल रिंगांवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं. काडी नाकाशी धरली तर वास येतो. ऑइल पातळ झालं की किलोमीटर भरायची वाट न पाहता ते बदलायचं, आणि अधूनमधून गाडी हायवेला अर्धा तास सलग पळवायची.

मग 'किती किलोमीटरला' या प्रश्नाचं उत्तर काय? आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना कंपनी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं सांगते. पाच हजाराचा नियम त्यामुळे सरसकट लागू पडत नाही, पण तो अगदीच टाकाऊही नाही. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी ताशी २० किलोमीटरचा वेग धरला, तर दहा हजार किलोमीटरसाठी इंजिन ५०० तास चालतं. तेच अंतर हायवेला ताशी ७० ने कापलं तर १४३ तास. ओडोमीटरला दोन्ही सारखेच, ऑइलला नव्हेत. सिग्नलवर गाडी उभी असताना किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र चालूच असतं. मॅन्युअलमध्ये 'खडतर वापर' म्हणून वेगळा तक्ता असतो. त्यात लहान फेऱ्या, धूळ, तासन्‌तास आयडलिंग हे सगळं येतं आणि मुदत पुष्कळदा निम्म्यावर येते. शहरात गाडी चालवणाऱ्या बहुतेकांचा वापर खडतरच असतो, फक्त आपण तसं मानत नाही. आणि जी गाडी वर्षात दोन हजारच चालली, तिचं ऑइलही वर्षाला बदलायचं. चेंबरमधली वाफ आणि आम्लं गाडी उभी असली तरी आपलं काम करतात.

"फुल्ली सिंथेटिक घातलंय, आता दोन वर्षं बघायला नको," हे त्याच जातीचं. सिंथेटिक उष्णता चांगली सोसतं, थंडीत लवकर वाहतं, पैसे वसूल आहेत. पण पाण्याचा अंश आणि इंधन त्यातही मिसळतंच. शिवाय त्या शब्दावर फार भाळू नये. १९९९ मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या ऑइल कंपन्यांच्या जाहिरातींचा वाद झाला. खनिज तेलावर भारी प्रक्रिया करून बनवलेल्या बेस ऑइललाही सिंथेटिक म्हणता येईल, असा निवाडा तेव्हा झाला. बाजारातले बरेच 'फुल्ली सिंथेटिक' डबे आज याच प्रकारचे आहेत. ते वाईट नाहीत, फक्त जाहिरातीतला शब्द म्हणजे दर्जाची खूण नव्हे.

रंगाचं थोडक्यात. ऑइलमधली डिटर्जंट काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळं पडतं. डिझेल गाडीत तर काहीशे किलोमीटरमध्येच. काळपटपणा हे काम चालू असल्याचं लक्षण आहे. घाबरायचं ते ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर, कारण त्यात कूलंट गेलेलं असू शकतं. पावसाळ्यात नुसत्या झाकणाखाली पांढरट थर दिसला तर बहुधा ती साचलेली वाफ असते. काडीवरही तसंच दिसलं तर गाडी चालवू नका.

'थोडं जास्त घातलेलं बरं' हेही खोटं. ऑइल खुणेच्या वर गेलं की फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑइलचा पंपाला दाब धरता येत नाही. बऱ्याच गाड्यांत काडीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण एका लिटरचं अंतर असतं. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी पाहायचं. प्रवासात पातळी खाली गेली आणि आपला ब्रँड मिळाला नाही तर त्याच ग्रेडचं, त्याच दर्जाचं दुसरं ऑइल खुशाल टाका. एपीआयच्या दर्जाची ऑइलं एकमेकांत मिसळता यावीत अशी अटच असते. वर टाकायच्या जादूच्या बाटल्यांची मात्र गरज नाही. रसायनांचं जे प्रमाण कंपनीने जुळवलंय, ते आपण कशाला बिघडवायचं? आणि उरलेलं अर्धा लिटर मोटरसायकलमध्ये ओतू नका. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे तो घसरायला लागू शकतो. तिला जासो एमए लिहिलेलं ऑइल लागतं.

गाडीचं ऑइल बदलताना समोर उभं राहणं हे मेकॅनिकवर अविश्वास दाखवणं आहे, असंही काहींना वाटतं. तसं काही नाही. फिल्टर काढताना जुन्या फिल्टरचं काळं रबर कधीकधी इंजिनालाच चिकटून राहतं. न बघता त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रबरं एकावर एक बसतात, आणि घराकडे निघाल्यावर वाटेत सगळं ऑइल बाहेर. त्या जागेवर एकदा बोट फिरवलं की कळतं. नव्या रबराला ऑइलचा हात लावला का, ड्रेन बोल्टचा वॉशर बदलला का, हे दोन प्रश्न हसत विचारावेत. रिकाम्या डब्याला तिथेच भोक पाडावं, म्हणजे त्यात पुन्हा डुप्लिकेट माल भरला जाणार नाही.

आणि जळकं ऑइल? ते वाळवीसाठी लाकडाला फासायला किंवा सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला आजही मागून नेतात. त्यात घासून निघालेल्या धातूंचे कण आणि आरोग्याला अपायकारक संयुगं असतात. कायद्याने तो घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ते बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. घरी ऑइल बदलणाऱ्याने ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जळकं ऑइल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यावं.